फळीखालची माती

ऑफिसात तिला सगळे मातीताई म्हणत. सुरुवातीला कुणीतरी चेष्टेने म्हटलं असेल, मग ते नाव अंगाला चिकटलं, आणि आता तर तिच्यासाठी येणाऱ्या सामानाच्या खोक्यांवरही तेच लिहिलेलं असे. तिला त्याचं वाईट वाटत नसे. काम मातीचंच होतं, आणि हौसेने हाक मारणारं माणूस दुसरं होतं तरी कुठे?

कंपनी जमिनीखाली दुर्मिळ मृदा धातू शोधत होती. सीरियम, लॅन्थेनम, निओडिमियम अशी त्यांची नावं; ती वाचताना मातीताईची जीभ अजूनही अडखळे. शोध अगदी पहिल्या पायरीवर होता. पहिल्या पायरीवर कुणालाच काही माहीत नसतं आणि सगळ्यांनाच आशा असते. त्या उघड्या माळावर नकाशात वीस समांतर रेघा आखल्या होत्या आणि दर रेघेवर वीस ठिपके. मातीताईने सकाळी निघायचं आणि दिवसाला एक रेघ चालायची. प्रत्येक ठिपक्यावर कोपरभर खोल खड्डा खणायचा, तळाची दोन ओंजळी माती पिशवीत भरायची, नंबरची चिठ्ठी आत टाकायची, वहीत लिहायचं, खड्डा बुजवायचा, पुढे व्हायचं. खाली दगडात काही असेल तर त्याचा अंश वरच्या मातीत मुरलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेतल्या यंत्राला दिसतो.

कॅम्प म्हणजे लोखंडी पत्र्याच्या दोन खोल्या आणि थोडी लांब एक जुनी दगडी शेड. एका खोलीत ती राही. दुसरी खोली पुढेमागे कुणी आलंच तर म्हणून ठेवली होती, आणि अजून कुणी आलं नव्हतं. दर नवव्या दिवशी ड्रायव्हर पाण्याच्या टाक्या, भाजी, गॅसचं नळकांडं घेऊन येई आणि तयार पुड्या प्रयोगशाळेकडे घेऊन जाई. मधले आठ दिवस वारा आणि ती. मग ती फावड्याशी बोले. "चल बाबा, अजून तीनच राहिलेत," असं म्हणे, आणि स्वतःचा आवाज कानावर पडला की क्षणभर दचके.

फोन लागायचा तो शेडमागच्या उंचवट्यावर, तोही एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तर. रविवारी ती वहिनीला फोन करी. मोसम संपला की ती भावाकडेच राहायची.

"कशी आहेस गं?" वहिनी विचारी. "जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते की. तुम्ही सगळे?"

"आम्हाला काय धाड भरलीय! बरं ऐक, तुझ्या खोलीत सध्या पोरांच्या सायकली ठेवल्यात हं. तू यायच्या आत काढू."

"राहू देत. मला कुठे फार जागा लागते?"

"तसं नाही गं..." वहिनी म्हणे, आणि मग मागे कुकरची शिट्टी व्हायची आणि फोन संपायचा. वहिनी मनाने वाईट नव्हती. तिचं घर भरलेलं होतं, एवढंच.

थोरले साहेब म्हणजे कंपनीचे वडीलधारे भूवैज्ञानिक. ते शहरातून काम बघत. मोसमाच्या सुरुवातीलाच त्यांनी मातीताईला नियम सांगितले होते. हातात अंगठी नको, बांगडी नको. तोंडाला, हाताला क्रीम नको. तंबाखू नको, रंग लावलेलं फावडं नको. "तुमच्या हाताला काय लागलंय ते मातीला कळतं, ताई," ते म्हणाले होते. "आणि मातीला कळलं की यंत्राला कळतं, आणि मग आम्ही इथे बसून तुमच्या अंगठीची खाण शोधत बसतो."

तिने त्याच दिवशी अंगठी आणि दोन पातळ बांगड्या रुमालात बांधून पेटीत ठेवल्या. नियम पाळायची तिला सवय होती. रोजचं व्रत पाळणाऱ्या माणसाला नियमाचं ओझं होत नाही.

तिचं व्रत साधं होतं. दिवेलागणीला, दुसरा कुठलाही दिवा लावायच्या आधी, नवऱ्यासाठी एक वात लावायची. ती स्थिर होईपर्यंत बोलायचं नाही. मग देवाचं नाव घ्यायचं आणि दिवसभरात काय घडलं ते नवऱ्याला सांगायचं. नऊ वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. तापाने फणफणली होती तेव्हाही नाही.

नवरा बोअरच्या मशीनवर होता. अशाच कंपन्यांसाठी तो दगडात खोल भोकं पाडी आणि आतून दगडाच्या लांब गोल कांड्या काढी. लग्नानंतर ती त्याच्याबरोबर कॅम्पकॅम्प फिरली. बारा-चौदा माणसांचा स्वयंपाक तिच्याकडे. दिवसभर मशीनचा घरघराट, संध्याकाळी ताटांचा खडखडाट, कुणी पत्ते कुटतंय, कुणी भांडतंय, कुणी घरी पत्र लिहून देता का वहिनी म्हणून मागे लागलंय. तेव्हा ती कावायची. "एक दिवस तरी शांतता द्या रे मला," म्हणायची. मग तो आजारी पडला, गेला, आणि शांतता अशी मिळाली की ती आता संपता संपत नव्हती.

त्याची एक वस्तू तिने जपून ठेवली होती. दोरीला बांधलेली चकमकीची काळी कांडी, बोटाएवढी. वाऱ्यापावसात काड्यापेटी सादळते, पण ही कांडी कधी धोका देत नाही, असं तो म्हणे. आधी सुरीने ती हलकेच खरवडून थोडा कीस वातीवर पाडायचा, मग सुरीची पाठ जोरात ओढायची, की ठिणग्यांचा झोत पडून वात धरे. वाऱ्याच्या दिवशी चार-पाच वेळा खरवडावं लागे.

राहत्या खोलीत गॅस होता, म्हणून तिथे उघडी वात नको असं तिने ठरवलं होतं. शेडमध्ये मात्र भिंतीला एक लाकडी फळी होती, जणू दिव्यासाठीच ठोकलेली. संध्याकाळी ती शेडमध्येच असे. दिवसभराची माती वीस ट्रेमध्ये पसरून लांबच लांब टेबलावर वाळत घालायची, वाळली की चाळायची, बारीक वस्त्रगाळ भाग पुड्यांत भरायचा. एक ते वीस, ज्या क्रमाने खणली त्याच क्रमाने ट्रे. हे सगळं मांडून झालं की ती हात धुई आणि फळीवर वात लावी.

चौदा रेघा झाल्या, त्यांची माती प्रयोगशाळेत गेली आणि निकाल येईपर्यंत पुढचं खणणं थांबलं. मग एका सकाळी दगडावर उभी असताना फोन वाजला. थोरले साहेब. एरवी ते हळू बोलत. आज ओरडत होते.

"ताई! पट्टा मिळाला!"

"कसला पट्टा, साहेब?"

"अहो कसला काय विचारता! सीरियम, लॅन्थेनम, शेजारच्या ठिपक्यांच्या तिप्पट-चौपट. पहिल्या रेघेपासून चौदाव्या रेघेपर्यंत. सरळ, फुटपट्टीने आखल्यासारखा. दोन्ही अंगांना थोडं थोडं कमी, मधे शिखर. तीस वर्षांत मी इतकं देखणं काही बघितलं नाही!"

"बरं झालं," ती म्हणाली.

"बरं झालं काय, ताई! आता बोअर घ्यायचे. मोसम संपायच्या आत मशीन येईल. बारा-तेरा माणसं तरी येतील. तुम्ही आता एकट्या नाही राहणार तिथे."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या दगडावर उभी राहिली. वारा होता तसाच होता, माळही होता तसाच. पण कानात कुठेतरी ताटं वाजायला लागली होती.

त्या संध्याकाळी वात स्थिर झाल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, "अहो, माणसं येणार आहेत. तुमच्यासारखीच, बोअरवाली." आणि देवापुढे कधी काही न मागणारी ती, त्या दिवशी हात जोडून म्हणाली, "पट्टा खरा असू दे. एवढं एक दे."

पुढचे दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. दुसरी खोली तिने झाडून पुसून काढली, खिडकीची काच कागदाने घासली. तंबू कुठे लागतील, मशीनला पाणी कुठून घेता येईल, स्वयंपाकाचा ओटा वाऱ्याच्या कोणत्या अंगाला बरा, सगळं मनात मांडून ठेवलं. नव्या रेघा पुढे ढकलल्या होत्या, त्यामुळे हाताशी वेळ होता. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पट्ट्याच्या प्रत्येक ठिकाणी तिने लाल कापडाचं निशाण रोवलं. चौदा निशाणं फडफडायला लागली तेव्हा तिला वाटलं, इथली माती जरा जास्तच तांबूस आहे. आधी कशी दिसली नाही?

नवव्या दिवशी गाडीतून तिघं उतरले. थोरले साहेब, नकाशे करणारी एक चुणचुणीत मुलगी, आणि ड्रायव्हर.

"ताई, मी आधीच सांगून ठेवतो," ड्रायव्हर टाक्या उतरवता उतरवता म्हणाला, "तेरा माणसांचा स्वयंपाक तुम्हाला एकटीला झेपायचा नाही. माझा मेव्हणा आहे. हाताला चव आहे, तोंडाला लगाम नाही."

"येऊ दे की," मातीताई हसून म्हणाली. "तोंडाला लगाम नसलेलंच माणूस हवंय इथे."

तिने सकाळपासून स्वयंपाक मांडला होता. चौघं मिळून दुसऱ्या खोलीत जेवायला बसले. साहेबांनी मधेच नकाशा पसरला. निळ्या रेघांवर लाल ठिपक्यांची माळ, आणि अकराव्या रेघेवरचा एकच ठिपका माळेतून सुटून लांब पडलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या जाड रेघा मारल्या होत्या.

"हे काय?" मातीताईने विचारलं.

"इथे जमीन फाटलीय," मुलगी म्हणाली. "दोन भेगा. मधला तुकडा सरकलाय, म्हणून पट्टाही सरकला. साहेबांनी एका नजरेत ओळखलं."

"एका नाही, दोन," साहेब म्हणाले. "पहिल्या नजरेत मलाही वाटलं, ताईंनी नंबर चुकवला. मग म्हटलं, छे! ताई नंबर चुकवत नाहीत."

सगळे हसले. तीही हसली.

"पण साहेब," मुलगी म्हणाली, "घरी मला सगळे विचारतात, हे धातू लागतात कशाला? मी म्हणते मोबाइलला, आणि पुढे काही येत नाही."

"मोबाइलला तर लागतातच. पवनचक्कीच्या चुंबकाला लागतात. चष्म्याची काच घासायच्या पावडरीत सीरियम. आणि सगळ्यात जुना उपयोग म्हणशील तर लायटरचा खडा. ठिणगी पडते ना, ती सीरियमची. अर्धा खडा सीरियम, पाव लॅन्थेनम, उरलेलं लोखंड आणि किरकोळ भावंडं."

मातीताई चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, तरी तिचा हात थांबेना.

"ताई, ताई, बस!" मुलीने किटली धरली.

"भांडी घासून येते," ती म्हणाली, आणि भांडी तिथेच ठेवून शेडकडे गेली.

शेडमध्ये ट्रे उपडे घालून ठेवले होते. तिने फळीकडे पाहिलं आणि मग खाली टेबलाकडे. डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन. फळीच्या बरोबर खाली सातव्या ट्रेची जागा होती. टेबलाच्या फटीत बोट फिरवलं. बोटाला बारीक काळी कुसळं लागली. तिने सुरीचं टोक त्यांच्यावर घासलं, तर दिवसाउजेडीही एक इवलीशी ठिणगी उडून विझली.

तिने वही काढली. रोज सकाळी ती कॅम्पच्या अंगाने खणायला सुरुवात करी, म्हणून प्रत्येक रेघेचा सातवा खड्डा तिच्या कॅम्पकडच्या टोकापासून सारख्याच अंतरावर. चौदा रेघा, चौदा सातवे खड्डे, एका ओळीत. फुटपट्टीने आखल्यासारखे असणारच होते, ते तिनेच आखले होते. सहाव्या आणि आठव्या ट्रेवर थोडा थोडा कीस उडालेला, म्हणून दोन्ही अंगांना थोडं थोडं कमी. आणि अकरावी रेघ? तिथे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, "आज पलीकडच्या टोकाकडून." त्या दिवशी ड्रायव्हर टाक्या उतरवून त्याच बाजूने पुढे निघाला होता. म्हणाला, बसा ताई, तेवढीच पायपीट वाचेल. सातवा खड्डा त्या दिवशी उलट्या अंगाने मोजलेला.

जमीन कुठेच फाटली नव्हती.

ती ट्रेवर टेकून उभी राहिली. अंगठी काढली, बांगड्या काढल्या, आणि रोज संध्याकाळी नेमाने त्याच मातीवर सीरियमचा कीस शिंपडला. नेम एक दिवसही चुकवला नाही म्हणून पट्टाही एका रेघेवर तुटला नाही.

"ताई!" बाहेरून साहेबांची हाक आली. "हातोडी घ्या आणि चला. पहिल्या बोअरची खुंटी तुमच्या हातूनच ठोकायची."

ती हातोडी घेऊन निघाली. साहेब पुढे, मुलगी त्यांच्याबरोबर, ती मागे. आठव्या रेघेपर्यंत वीसेक मिनिटांची वाट. त्या वीस मिनिटांत तिच्या मनात एक विचार आला आणि ठाण मांडून बसला. गप्प राहिलं तर? कुणाला कळणार आहे? मशीन येईल, तेरा माणसं येतील, ड्रायव्हरचा मेव्हणा येईल. दोन महिने बोअर चालतील. खाली काही निघणार नाही, पण असं तर कितीदा होतं. तिच्या नवऱ्याने पाडलेल्या भोकांपैकी निम्म्यांत काही निघालं नव्हतं, म्हणून कुणी कुणाला फासावर चढवलं नाही. दोन महिने. साठ संध्याकाळी. तिला त्या साठही संध्याकाळी दिसायला लागल्या, एकेका ताटासकट.

देवाकडे तिने पट्टा खरा असू दे म्हणून मागितलं होतं. जे आपणच खोटं केलंय ते खरं कर म्हणून त्याला गळ घालायची, हे तिला कसंसंच वाटलं. लाजच वाटली.

"इथे," साहेब म्हणाले. लाल निशाणाशेजारी त्यांनी खुंटी उभी धरली. "हं, ताई. जोरात."

तिने हातोडी उचलली आणि खाली ठेवली.

"साहेब, लायटरच्या खड्यात आणि चकमकीच्या कांडीत एकच धातू असतो का हो?"

"एकच. का?"

"मी चकमकीने दिवा लावते. रोज. शेडमध्ये, ट्रेच्या वर."

साहेबांनी खुंटी सोडली नाही. "रोज लावत असाल. धूळ असून असून किती असणार, ताई?"

"सातव्या ट्रेच्या वर, साहेब. आणि अकराव्या रेघेला मी त्या टोकाकडून आले होते."

मुलीने पटकन नकाशा उघडला. तिचं बोट ठिपक्यांवरून फिरलं, अकराव्या रेघेवर जाऊन थांबलं, मग पलीकडच्या टोकाकडून मोजत परत त्याच ठिपक्यावर आलं. तिने नकाशा मिटला.

परत शेडमध्ये आल्यावर मातीताईने टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि एरवी लावते तशीच वात लावून दाखवली. पहिल्यांदा धरली नाही, दुसऱ्यांदाही नाही, तिसऱ्यांदा धरली. कागदावर काळ्या किसाची चिमूट पडली होती. साहेब भिंग डोळ्याला लावून बराच वेळ ती पाहत राहिले. मग भिंग खिशात ठेवलं आणि स्टुलावर बसले. एकदम म्हातारे दिसले.

"थोरियम नव्हतं," ते म्हणाले.

"काय, साहेब?" मुलीने विचारलं.

"खऱ्या पट्ट्यात ह्या धातूंबरोबर थोडंफार थोरियम असतं, फॉस्फरस असतो. इथे दोन्ही सपाट होते, आजूबाजूच्या मातीइतकेच. पहिल्याच दिवशी दिसलं मला. मी मनाची समजूत घातली, की असतो एखादा वेगळा दगड." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ताईंनी माहीत नसताना केलं. मी माहीत असून केलं."

"आणि त्या भेगा?" मुलगी हळूच म्हणाली.

"खोडून टाक बाई. ती जमीन एकसंध आहे, फाटायची वेळ आमच्यावर आलीय."

हसावं की नाही ते कुणालाच कळेना. शेवटी ड्रायव्हर दारातून म्हणाला, "म्हणजे माझा मेव्हणा...?"

"घरीच बसू दे," साहेब म्हणाले.

ऑफिसला कळवण्याआधी खात्री हवी होती. साहेबांनी मुलीला गाडीबरोबर परत पाठवलं आणि स्वतः राहिले. परवा न्यायला ये, असं ड्रायव्हरला सांगितलं. दुसऱ्या खोलीत तेरा माणसांसाठी झाडून ठेवलेल्या जागेत एका माणसाची वळकटी पडली. त्या संध्याकाळी मातीताईने वात शेडपासून दूर, उंचवट्याआड दगडांच्या आडोशाला नेऊन लावली. साहेब तिच्यापासून लांब, टोपी हातात घेऊन उभे राहिले. नंतर त्यांनी विचारलं, "कुणासाठी?" तिने सांगितलं. "बोअरवर होते?" "हो." "कुठल्या मशीनवर?" आणि मग जेवताना मशीनच्याच गप्पा निघाल्या, कुठलं मशीन अडून बसायचं, कुठलं तेल प्यायचं. नवऱ्याच्या कामातलं काही ज्याला कळतं अशा माणसाशी ती किती वर्षांनी बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दोघांनी सगळ्या सातव्या जागा पुन्हा खणल्या, जुन्या खड्ड्यांपासून हातभर अंतरावर. ती खणी, साहेब पिशवी धरत, माती तिथेच बांधून बंद. त्यांना खणायला जमत नव्हतं.

"साहेब, फावडं असं धरतात होय? ते काय, पेन आहे?"

"अहो, तीस वर्षं दुसऱ्यांनी खणलेलंच बघितलंय मी."

"दिसतंय ते."

दुपारी एका निशाणाशी बसून त्यांनी डबा खाल्ला. साहेब आपल्या मुलीविषयी बोलले. ती परदेशात असते, फोनवर हवा कशी आहे एवढंच विचारते. "आणि तुम्ही?" मातीताईने विचारलं. "मी पण हवाच सांगतो," ते म्हणाले. मग बराच वेळ दोघं गप्प होती, पण ती शांतता रोजच्यासारखी नव्हती. दोघांनी मिळून धरलेली होती.

तिसऱ्या दिवशी गाडी आली आणि ते गेले. जाताना म्हणाले, "तुम्ही बोलला नसतात तर मी खुंटी ठोकली असती, ताई." तिने मान हलवली. गाडीची धूळ खाली बसेपर्यंत ती दारात उभी होती. मग आत जाऊन तिने दुसऱ्या खोलीतली वळकटी गुंडाळली.

अकरा दिवसांनी फोन आला.

"सपाट," साहेब म्हणाले.

"सगळे?"

"सगळे चौदा. आजूबाजूच्या मातीपेक्षा काडीचाही फरक नाही." मग म्हणाले, "बोअर रद्द झाले. ऑफिसात मीच सांगितलं सगळं, थोरियमसकट. तुमच्या नियमांच्या यादीत आता एक नवी ओळ घातलीय."

"बरं झालं, साहेब. पुढच्या माणसाला उपयोग होईल."

"उरलेल्या सहा रेघा मात्र पुऱ्या कराव्या लागतील. काही निघेल असं नाही. पण पुऱ्या केल्याशिवाय ही जमीन सोडता येत नाही." शेवटी ते म्हणाले, "जमेल ना एकटीला?"

"जमतंय की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पंधराव्या रेघेवर निघाली. वाटेत एकेक लाल निशाण उपटून काखेत घेतलं. त्या दिवशी वारा नव्हता. एकापाठोपाठ एक खड्डे झाले, पिशव्या भरल्या, चिठ्ठ्या पडल्या. विसाव्या ठिकाणी पोचली तेव्हा दुपार कलली होती. तिथून कॅम्प दिसत नाही, शेडही नाही. चारही बाजूंना नुसता माळ.

पिशवी बांधून ती खड्ड्याच्या काठावर बसली. एक गोष्ट अजून राहिली होती. इतके दिवस वात लावून ती सगळं सांगत आली होती, साहेब आले, माती पुन्हा खणली, त्यांना फावडं धरता येत नाही. मुख्य गोष्ट तेवढी ओठांवर येऊन परत जाई. येणार आहेत असं ज्याला एवढ्या आनंदाने सांगितलं, त्याला नाही म्हणून कसं सांगायचं?

"अहो," ती उघड्या माळावर म्हणाली, "ऐकताय ना? माणसं येणार नाहीत."

काहीच हललं नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली, जणू तो उत्तर द्यायच्या आधी नेहमीसारखा घसा साफ करील.

"तुमच्या कांडीला बोल नका लावू हं. ती तिचं काम करत होती. मीच जागा चुकले." मग थोड्या वेळाने, "पाच रेघा राहिल्यात. मग घरी जाईन. माझ्या खोलीत सायकली आहेत, पण वहिनी काढील म्हणालीय."

सांगून झालं तेव्हा छातीतलं काहीतरी मोकळं झालं, आणि त्या मोकळ्या जागेत एकटेपणा येऊन नीट, ऐसपैस बसला. आता त्याच्याशी खोटं बोलावं लागणार नव्हतं. तिने वहीत विसावा नंबर लिहिला, पिशवी पाठीवरच्या ओझ्यात घातली, आणि फावड्याने खड्डा बुजवायला घेतला.